मुक्त जगातील भटकंती : आनंद की कंटाळा?

व्हिडिओ गेमच्या विश्वात 'ओपन वर्ल्ड रोल प्लेइंग' हा प्रकार आता चांगलाच स्थिरावला आहे. मराठीत त्याला 'मुक्त जगातील भूमिकाप्रधान खेळ' असे म्हणता येईल. खेळाडूला एक पात्र मिळते. त्या पात्राचे बळ आणि कौशल्य तासागणिक वाढत जाते आणि त्याच्यापुढे डोंगर, नद्या, गावे, भुयारे यांनी भरलेला एक सलग प्रदेश पसरलेला असतो. मुख्य कथा कोणत्याही क्षणी बाजूला ठेवून हव्या त्या दिशेला चालू लागण्याची मुभा, हे या खेळांचे खरे आकर्षण होय.

नेमक्या याच मुभेबद्दल खेळणाऱ्यांमध्ये दोन तट आहेत. पहिल्या तटाच्या मते कथा हे केवळ निमित्त असून समोरच्या टेकडीपलीकडे काय आहे ते पाहण्यातच खरी गंमत आहे. दुसरा तट म्हणतो की पहिल्या वीस तासांनंतर प्रत्येक गुहा मागच्या गुहेसारखीच भासू लागते आणि भटकंती ही हजेरी लावण्यासारखी होते. विशेष म्हणजे दोन्ही तट बहुधा एकाच खेळाबद्दल बोलत असतात.

हा वाद केवळ आवडीनिवडीचा नाही. 'द विचर ३' या खेळाची मुख्य कथा संपवण्यास साधारण पन्नास तास लागतात. त्यातील कानाकोपरा धुंडाळायचा ठरवल्यास दीडशे तासही पुरत नाहीत. अभ्यासातून, नोकरीतून किंवा झोपेतून काढलेले हे तास सत्कारणी लागतात की वाया जातात, हा प्रश्न खेळणाऱ्याइतकाच त्याच्या घरच्यांचाही असतो. त्याचे उत्तर त्या जगाच्या घडणीत दडलेले आहे. अमरावती-अकोल्याच्या वाचकाला ते ताडून पाहण्यासाठी फार दूर जाण्याची गरज नाही. पायनघाट, बालाघाट आणि मेळघाट अशा तीन भागांत विभागलेला वऱ्हाड हीच त्यासाठी उत्तम मोजपट्टी आहे.

बालपणीच्या गुहेपासून

मुक्त जगाची कल्पना घरगुती संगणकाइतकीच जुनी आहे. अमेरिकेत रिचर्ड गॅरियट यांनी १९८१ मध्ये 'अल्टिमा' प्रसिद्ध केला. डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या दोन इंग्रज तरुणांनी १९८४ मध्ये 'एलिट' तयार केला. त्यात ८ आकाशगंगा आणि प्रत्येकीत २५६ ग्रह होते. त्या काळच्या संगणकाच्या तुटपुंज्या स्मृतीत एवढे ग्रह साठवणे अशक्य असल्याने गणिती नियमांच्या आधारे ते आयत्या वेळी रचले जात. संगणकानेच जग रचण्याची ही युक्ती पुढे या क्षेत्रात वारंवार वापरली गेली.

जपानमध्ये शिगेरू मियामोतो यांनी १९८६ मध्ये 'द लेजंड ऑफ झेल्डा' हा खेळ आणला. मियामोतो यांचे बालपण क्योटोजवळच्या सोनोबे या गावी गेले. तेथील टेकड्यांमध्ये भटकताना त्यांना एक गुहा सापडली होती आणि कंदील घेऊन ते तिच्यात शिरले होते. हा अनुभव खेळाच्या मुळाशी असल्याचे त्यांनी अनेकदा सांगितले आहे. ज्या मुलाला ती गुहा सापडली, त्याला तेथे कोणी बोट दाखवून पाठवले नव्हते, ही गोष्ट येथे लक्षात ठेवण्याजोगी आहे.

त्यानंतर 'द एल्डर स्क्रोल्स' मालिकेतील 'डॅगरफॉल' (१९९६), 'मॉरोविंड' (२००२), 'ऑब्लिव्हियन' (२००६) आणि 'स्कायरिम' (२०११) या खेळांनी हा प्रकार घडवला. पोलंडमधील कंपनीचा 'द विचर ३' २०१५ मध्ये, निन्टेन्डोचा 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' २०१७ मध्ये, तर जपानच्याच फ्रॉमसॉफ्टवेअरचा 'एल्डन रिंग' २०२२ मध्ये आला. भारतात अशा अवाढव्य खेळांच्या निर्मितीची परंपरा अद्याप रुजलेली नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० मध्ये आणलेल्या 'राजी' या खेळाने पुराणकथा आणि भारतीय वास्तुशैली यांचा सुंदर उपयोग केला. परंतु त्याची वाट आखीव होती, मुक्त नव्हती.

आकाराचा मोह

या खेळांच्या जाहिरातीत सर्वाधिक मिरवला जाणारा आकडा क्षेत्रफळाचा असतो. 'डॅगरफॉल'चा प्रदेश सुमारे १ लाख ६१ हजार चौरस किलोमीटरांचा असल्याचे सांगितले जाते. पाच जिल्ह्यांच्या संपूर्ण अमरावती विभागाचे क्षेत्रफळ सुमारे ४६ हजार चौरस किलोमीटर आहे. म्हणजे असे तीन विभाग त्यात मावून वर जागा उरेल. याउलट 'स्कायरिम'चा प्रदेश सुमारे ३७ चौरस किलोमीटरांचाच भरतो. पावणेतीन हजार चौरस किलोमीटरांच्या आसपास पसरलेला एकटा मेळघाट व्याघ्र प्रकल्प त्याच्या सत्तरपटीहून मोठा आहे. असे असूनही जागोजागीच्या आठवणी निघतात त्या 'स्कायरिम'च्या. 'डॅगरफॉल'ची आठवण मुख्यतः त्याच्या आकारासाठी काढली जाते.

याचे कारण रचनेत आहे. 'डॅगरफॉल'मधील बहुतेक गावे आणि भुयारे संगणकाने ठरावीक तुकडे जोडून तयार केली होती. 'मॉरोविंड'पासून कर्त्यांनी प्रदेश लहान केला, पण तो बव्हंशी हाताने घडवला. ऑगस्ट २०१६ मध्ये आलेल्या 'नो मॅन्स स्काय'ने तर सुमारे १८ वर अठरा शून्ये इतक्या ग्रहांचे आश्वासन दिले होते. ग्रहांचे रंग बदलत, प्राण्यांचे पाय-शिंगे बदलत. परंतु थोड्याच वेळात ते कोणत्या साच्यातून निघतात हे खेळाडूच्या ध्यानात येई आणि मग अब्जावधी ग्रहांचा जणू एकच ग्रह होई. या खेळावर तेव्हा कडाडून टीका झाली. पुढील वर्षांत कर्त्यांनी भर घालून तो बराच सुधारला. २०२३ मधील 'स्टारफील्ड' या हजारांहून अधिक ग्रहांच्या खेळावरही ओसाडपणाचा आक्षेप घेतला गेला.

विस्तार आणि वैविध्य यांतील हा फरक पायनघाटातही दिसतो. अमरावतीहून मूर्तिजापूरमार्गे अकोल्याला जाणाऱ्या प्रवाशाला खिडकीतून कपाशी, तूर आणि सोयाबीन यांखेरीज फारसे काही दिसत नाही. सारे कसे एकसारखे! पण याच सपाटीतून पूर्णा नदीच्या खोऱ्याचा खारपाणपट्टा जातो. या पट्ट्यात विहिरीचे पाणी खारे लागते, तर पट्ट्याबाहेर ते गोडे असते. पिण्याचे पाणी, ओलिताची सोय, घेता येणारी पिके हे सर्व या न दिसणाऱ्या सीमेवर अवलंबून असते. प्रवाशाला एकसुरी वाटणारी भूमी शेतकऱ्याला तशी वाटत नाही, कारण त्याला तिच्या पोटातले कारण ठाऊक असते.

खेळातील जगाचेही असेच आहे. गावे, गुहा आणि शिखरे यांची संख्या वाढवल्याने ते समृद्ध होत नाही. एखादे गाव नेमके तेथेच का वसले, तो पूल का मोडला, या रानात पक्षी का नाहीत, या प्रश्नांना त्या जगात उत्तरे असावी लागतात. ती असली तर लहान प्रदेशही पुरतो.

कंटाळा कोठून येतो?

कंटाळ्याची कारणे तपासली असता चार गोष्टी वारंवार आढळतात.

पहिली म्हणजे खुणांचा सुळसुळाट. २००७ च्या 'असॅसिन्स क्रीड'ने उंच मनोऱ्यावर चढून भोवतालचा नकाशा उघडण्याची पद्धत रूढ केली आणि अनेक खेळांनी ती उचलली. मनोऱ्यावर चढताच नकाशावर डझनावारी चिन्हे उमटतात. पाहण्यापूर्वीच प्रत्येक जागेचा प्रकार कळतो. उरते ते फक्त तेथे जाऊन यादीवर खूण करणे. 'द विचर ३'मधील स्केलिगे बेटांभोवतीच्या समुद्रात विखुरलेली प्रश्नचिन्हे याबाबत कुप्रसिद्ध आहेत. होडी हाकत तेथवर जावे तर बहुतेक ठिकाणी चोरट्या व्यापाऱ्यांनी दडवलेला तोच तो माल हाती लागतो.

दुसरे कारण म्हणजे सर्वत्र सारखी केलेली अडचण. 'ऑब्लिव्हियन'मध्ये खेळाडूचे बळ वाढेल तसे शत्रूंचेही बळ वाढत असे. हेतू चांगला होता. कोणत्याही दिशेला गेले तरी सामना तुल्यबळ व्हावा. प्रत्यक्षात मात्र रस्त्यावरचे भुरटे वाटमारेही पुढे अतिशय मौल्यवान चिलखत घालून फिरू लागले. कोठेही गेले तरी धोका तेवढाच असेल तर दिशा निवडण्याला अर्थ राहत नाही.

तिसरे कारण म्हणजे फुकटचा झटपट प्रवास. नकाशावर बोट ठेवताच पात्र तेथे पोहोचते. सोय होते, पण दोन ठिकाणांमधला प्रदेश पुसला जातो. अकोला-खांडवा या आता बंद झालेल्या मीटरगेज मार्गावर धुळघाटजवळ गाडी सातपुड्यात चढताना स्वतःच्याच रुळांवरून वळसा घेई. 'चारचा आकडा' म्हणून तो ओळखला जाई. अकोट आणि खांडवा ही केवळ नकाशावरची दोन टिंबे असती, तर मधला चढ आणि वळसा कोणाच्या स्मरणात राहिला नसता. डोंगर किती मोठा आहे, हे तो चढण्यासाठी पडलेल्या सायासांवरूनच उमगते.

चौथे कारण म्हणजे बक्षिसांचा भडिमार. प्रत्येक वळणावर एक पेटी आणि प्रत्येक पेटीत किंचित बरी तलवार! दहाव्या पेटीनंतर तलवारीचे मोल उरत नाही आणि शंभराव्या पेटीनंतर वळणाचेही.

कुतूहल आणि बक्षीस

हे चौथे कारण मानसशास्त्राच्या एका जुन्या प्रयोगाशी जुळते. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ मध्ये चित्रे काढण्याची मुळातच हौस असलेल्या बालवाडीतील मुलांवर तो केला. काही मुलांना 'चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल' असे आधी सांगितले गेले. काहींना ते अनपेक्षितपणे दिले गेले. काहींना काहीच मिळाले नाही. नंतर मोकळ्या वेळेत पाहिले असता, बक्षीस कबूल करून चित्रे काढायला लावलेल्या मुलांची हौस इतरांच्या मानाने कमी झालेली आढळली. अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांच्या बाबतीत तसे झाले नाही. आवडीने केलेल्या कामाला ठरलेला मोबदला जोडला की मन ते काम मोबदल्यासाठीचे समजू लागते, असा त्याचा अर्थ लावला जातो. 'या गुहेत अमुक मिळेल' असे नकाशावर आधीच लिहिणारा खेळ हेच करीत असतो.

अर्थतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी १९९४ मध्ये कुतूहलाची जी उपपत्ती मांडली, तीही येथे उपयोगी पडते. आपल्याला काय ठाऊक आहे आणि काय ठाऊक करून घ्यायचे आहे, यांतील फट जाणवली की कुतूहल जागे होते, असे ते मांडतात. काहीच ठाऊक नसेल तर फट जाणवत नाही. सारेच ठाऊक असेल तर फट उरत नाही. कोरा, निरर्थक विस्तार आणि चिन्हांनी भरलेला नकाशा हे दोन्ही कंटाळवाणे का होतात, याचे स्पष्टीकरण यातून मिळते.

अर्थात सर्व माणसे एका साच्याची नसतात. ब्रिटनचे रिचर्ड बार्टल यांनी १९९६ मध्ये सामूहिक संगणकीय खेळांतील खेळाडूंचे चार प्रकार सांगितले. काही जण यश मिळवण्यासाठी खेळतात, काही शोध घेण्यासाठी, काही माणसांच्या संगतीसाठी, तर काही इतरांवर मात करण्यासाठी. यादी पूर्ण करण्यात ज्याला समाधान आहे, त्याला चिन्हांनी भरलेला नकाशा हवासाच वाटेल आणि त्यात गैर काही नाही. मात्र यादी पूर्ण करण्याचे समाधान आणि शोधाचा आनंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीच्या नावाखाली दुसरी विकली जाते, तेव्हा खेळाडू निराश होतो.

वाट विचारणे आणि वाट दाखवणे

'मॉरोविंड' आणि 'ऑब्लिव्हियन' हे एकाच संस्थेचे, चार वर्षांच्या अंतराने आलेले खेळ या दृष्टीने तुलनेस योग्य आहेत. 'मॉरोविंड'मध्ये कामगिरीची जागा दाखवणारी खूण नव्हती. पात्रे तोंडी पत्ता सांगत. पूल ओलांडा, डावीकडच्या पायवाटेने टेकडी चढा, मग ओढ्याच्या कडेने जा. सांगितलेले टिपणवहीत उतरे आणि पुढे पाट्या वाचत, खाणाखुणा जुळवत जावे लागे. क्वचित पत्ता चुकीचाही निघे. लांबच्या प्रवासासाठी महाकाय कीटकांची आणि होड्यांची सेवा होती, पण ती ठरलेल्या थांब्यांपुरतीच. म्हणजे जवळजवळ एसटीसारखी. थांब्यापासून पुढे पायीच जायचे. 'ऑब्लिव्हियन'ने दिशादर्शक बाण आणि नकाशावरून झटपट प्रवास आणला. खेळणे सुलभ झाले, मात्र खेळाडूची नजर प्रदेशावरून उठून बाणाकडे गेली.

पुढील काळात कर्त्यांना हे जाणवले असावे. २०१८ च्या 'असॅसिन्स क्रीड ओडिसी'मध्ये बाणाऐवजी वर्णनावरून जागा शोधण्याचा स्वतंत्र पर्याय देण्यात आला. २०२० च्या 'घोस्ट ऑफ त्सुशिमा'मध्ये बाणाची जागा वाऱ्याने घेतली. गवत ज्या दिशेला झुकेल तिकडे जायचे. 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'च्या कर्त्यांनी अंतरांचा अंदाज यावा म्हणून आपल्या क्योटो शहराचा नकाशा वापरला आणि टेकड्यांची रचना त्रिकोणी आकारांतून केली. त्रिकोणी टेकडी मागची वस्तू अर्धवट झाकते. वर चढावे की वळसा घालावा, हे खेळाडू ठरवतो आणि दोन्हीकडून काहीतरी नवे दृष्टीस पडते. त्याच खेळात 'कोरोक' नावाच्या वनदेवतांची ९०० बीजे लपवलेली आहेत. थैली पूर्ण मोठी करण्यास ४४१ बीजे पुरतात. सर्व ९०० गोळा करणाऱ्याच्या हाती केवळ एक थट्टेची भेट ठेवली जाते. 'सर्वच गोळा करण्याची गरज नाही' हे कर्त्यांनी हसत हसत सांगितले आहे.

'एल्डन रिंग' याहून कठोर आहे. आरंभीच्या मोकळ्या माळावरच एक घोडेस्वार योद्धा उभा असतो आणि नवखा खेळाडू त्याच्यापुढे क्षणभरही टिकत नाही. त्याला वळसा घालून पुढे जाणे आणि बळ वाढल्यावर परत येणे, हा पहिला धडा तेथे न बोलता मिळतो.

खुणा असलेले सर्वच खेळ मात्र नीरस नसतात. 'द विचर ३'मध्ये बाण आहेत, तरी त्यातील अनेक उपकथा स्वतंत्र लघुकथांइतक्या सकस आहेत. बाण जागा दाखवतो. तेथील माणसाचे दुःख तो आधी सांगत नाही. जागेपाशी पोहोचल्यावरही काही कळायचे शिल्लक असेल, तर खूण फारशी आड येत नाही.

गाविलगड आणि नरनाळा

चांगल्या रचनेची ही तत्त्वे सातपुड्याच्या दोन गडांवर प्रत्यक्ष पाहता येतात.

अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याजवळ असलेला गाविलगड पंधराव्या शतकात बहामनी सुलतान अहमदशहाच्या काळात बांधला गेला. दक्षिणेच्या मैदानातून त्याचे कडे दूरवरून दिसतात, पण जे दिसते तो प्रवेशमार्ग नव्हे. डिसेंबर १८०३ मध्ये आजच्या अकोला जिल्ह्यातील आडगावची लढाई आटोपून इंग्रज सेनानी आर्थर वेलस्ली गडाकडे वळला, तेव्हा तो नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात होता. वेलस्ली दक्षिणेला राहिला आणि कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीने तोफा ओढत डोंगरातून मोठा वळसा घेतला. उत्तरेकडे गड चिखलदऱ्याच्या पठाराला जोडलेला असल्याने तेथूनच तटाला खिंडार पाडता येणार होते. १५ डिसेंबरला सैन्य खिंडारातून आत शिरले आणि त्याला दिसले की हा केवळ बाहेरचा किल्ला आहे. मध्ये खोल घळ होती आणि पलीकडे दुसरा, अभंग तट. अखेर एका तुकडीने शिड्या लावून तो ओलांडला. तो दिवस मोठ्या रक्तपाताचा होता. खेळाशी त्याची तुलना होऊ शकत नाही. पण गडाची रचना आजही तेच सांगते. खालून, पठारावरून आणि घळीच्या काठावरून तो तीन वेगळ्या रूपांत दिसतो आणि प्रत्येक रूप आधीचा समज मोडते.

अकोला जिल्ह्यातील अकोट तालुक्यात शहानूर गावाच्या वर, समुद्रसपाटीपासून सुमारे ९७० मीटर उंचीवर नरनाळा आहे. हा परिसर अभयारण्यात आणि मेळघाट व्याघ्र प्रकल्पात येत असल्याने वनखात्याच्या नियमांनुसारच तेथे जावे लागते. एकामागून एक दरवाजे ओलांडत चढणाऱ्याला महाकाली दरवाजा सामोरा येतो. १४८७ मधील शिलालेख आणि सज्जांची नाजूक कलाकुसर त्यावर आहे. रानातल्या रखरखीत चढानंतर असे काही समोर येईल, याची खालून कल्पना येत नाही. पुढे माथ्यावर तळी आहेत, पडक्या इमारती आहेत आणि 'नऊगजी' म्हणून ओळखली जाणारी तोफ आहे. यांतील एकही वस्तू उचलून घरी नेता येत नाही. तरीही माणसे पुन्हा पुन्हा गड चढतात.

याच मेळघाटात आणखी एक गोष्ट ध्यानात येते. अनेक खेळांत खेळाडू एखाद्या गावात पाऊल टाकतो, तेव्हा पडद्यावर 'ठिकाणाचा शोध लागला' अशी अक्षरे उमटतात. वस्तुतः त्या गावात माणसे आधीपासून राहत असतात. मेळघाटातील प्रत्येक ओढा आणि टेकडी कोरकू समाजाला पिढ्यान्‌पिढ्या परिचयाची आहे. ती अनोळखी असते केवळ बाहेरून येणाऱ्याला. ज्या खेळांत स्थानिक पात्रांना आपला प्रदेश खरोखर ठाऊक असतो आणि त्यांना विचारल्याखेरीज पुढे जाता येत नाही, त्यांतील भटकंती अधिक खोल होते.

रिद्धपूरची परंपरा

ऐकून आणि विचारून वाट शोधण्याची एक जुनी लिखित परंपरा वऱ्हाडाशी निगडित आहे. अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुक्यातले रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे तीर्थक्षेत्र. तेथे श्रीगोविंदप्रभूंचे वास्तव्य होते आणि तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केले. श्रीचक्रधरस्वामींच्या एकाकी भ्रमंतीचा काळ त्याच्या 'एकांक' या भागात येतो. पंथाच्या आचारधर्मात अटन, म्हणजे सततचे फिरणे, हा साधनेचाच भाग मानला गेला. मराठी भाषा विद्यापीठही आता रिद्धपूर येथेच स्थापन झाले आहे.

याच परंपरेत 'स्थानपोथी' हा ग्रंथ तयार झाला. स्वामी जेथे थांबले, बसले, निजले, त्या स्थानांची तो नोंद करतो. गाव कोणते, देऊळ कोणत्या दिशेला, त्याचे दार कोणीकडे, अशी माहिती त्यात शब्दांत दिलेली आहे. त्या आधारे यात्रेकरूने गावात जावे, दिशा जुळवावी, विचारपूस करावी आणि स्थान ओळखावे, अशी अपेक्षा असे. तेथे पोहोचणाऱ्याला मिळे ते केवळ दर्शन. श्रद्धेचा हा व्यवहार आणि करमणुकीचा खेळ यांत अर्थातच मोठे अंतर आहे. तथापि शब्दांवरून जागा शोधताना भोवतालाकडे नीट पाहावेच लागते, हे दोन्हीकडे सारखेच खरे आहे.

खेळणाऱ्यांनी आणि पालकांनी काय पाहावे?

मुक्त जगाचा खेळ निवडताना आणि खेळताना काही साध्या गोष्टी उपयोगी पडतात. नकाशाचा आकार पाहून खेळ घेऊ नये. दिशादर्शक खुणा बंद करण्याची सोय असल्यास किमान पहिले काही तास ती वापरून पाहावी. एखाद्या ठिकाणी प्रथम जाताना चालत किंवा घोड्यावर जावे, झटपट प्रवास परतीसाठी राखून ठेवावा. यादी पूर्ण करण्याचा हट्ट धरू नये. नव्या जागी काय असणार हे पोहोचण्यापूर्वीच अचूक सांगता येऊ लागले, की त्या जगाकडे देण्यासारखे काही उरलेले नाही असे समजावे आणि कथा संपवून बाहेर पडावे.

पालकांनी वयोगटाची वर्गवारी अवश्य पाहावी. युरोपातील वर्गवारीनुसार 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' १२ वर्षांपुढील, तर 'द विचर ३' १८ वर्षांपुढील खेळाडूंसाठी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात 'गेमिंग डिसऑर्डर'चा समावेश केला असून ते १ जानेवारी २०२२ पासून अमलात आले. खेळावरील ताबा सुटणे, इतर सर्व कामांपेक्षा त्याला प्राधान्य मिळणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, ही त्याची लक्षणे होत. सर्वसाधारणपणे ती वर्षभर टिकून असावी लागतात. नुसते अधिक तास खेळणे म्हणजे आजार नव्हे. मूल खेळातल्या जगाबद्दल काय सांगते, हे ऐकणे अधिक उपयुक्त ठरेल. 'तिथे काय सापडले?' या प्रश्नाला गोष्ट सांगणारे मूल शोध घेत असते. केवळ टक्केवारी सांगणारे मूल बहुधा यादी पुरी करीत असते.

पडद्यावरची भटकंती प्रत्यक्ष भटकंतीची जागा घेऊ शकते का, हा प्रश्न उरतो. 'सी हिरो क्वेस्ट' हा वाट शोधण्याचा खेळ संशोधनासाठीच तयार करण्यात आला होता. त्यातून ३८ देशांतील सुमारे ४ लाख लोकांची माहिती मिळाली आणि २०२२ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात तिचे विश्लेषण प्रसिद्ध झाले. शहराबाहेर वाढलेल्या लोकांना सरासरीने वाट शोधणे अधिक चांगले जमते, आणि सरळ काटकोनी रस्त्यांच्या शहरांत वाढलेल्यांना गुंतागुंतीच्या वाटा तुलनेने अवघड जातात, असे त्यात दिसून आले. म्हणजे लहानपणी पायाखाली आलेल्या वाटा पडद्यावरही उपयोगी पडतात. उलट दिशेने तसे होतेच, असे या अभ्यासातून सिद्ध होत नाही.

तेव्हा मुक्त जगातील भटकंती आनंददायक की कंटाळवाणी, याचे उत्तर जगाच्या लांबी-रुंदीत किंवा पेट्यांच्या संख्येत मिळणार नाही. आपले सर्व काही आधीच सांगून टाकणारे जग लवकर संपते. पाहणाऱ्याच्या तर्काला आणि पायांना काही काम शिल्लक ठेवणारे जग पुरून उरते. त्या दृष्टीने ३७ चौरस किलोमीटरांचे हाताने घडवलेले खोरे कोट्यवधी ग्रहांना भारी पडते. आणि ज्यांना अशा खोऱ्यांची गोडी लागली आहे, त्या अमरावती-अकोल्याच्या तरुणांना चिखलदरा आणि शहानूर या दोन्ही वाटा सुट्टीच्या एका दिवसात गाठता येण्याजोग्या आहेत.